अक्काचं नाक

माझ्या आणि अक्काच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती. ती मला अडवायची, अक्काच्या नाकाला नाही. धुळ्याला देवपुरात त्या जोडघराचा अर्धा भाग मी भाड्यानं घेतला आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या घाईत डाळीला फोडणी घालत होते, तर पलीकडून आवाज आला, "ओ नवी बाई, लसूण बळी गया तुना. गॅस कमी कर." कढईत पाहिलं तर लसूण खरोखरच जळून काळा पडला होता. मी दचकून खिडकीकडे पाहिलं. खिडकी दुसऱ्याच बाजूला होती.

संध्याकाळी आवाजाची मालकीण स्वतःच आली. ठेंगणी, अंगानं भरलेली, डोक्यावर पदर, हातात झाकलेली वाटी. नाक म्हणाल तर अगदी बारकं, बसकं, त्यात एक जुनी फुली. एवढ्याशा नाकात एवढं सगळं मावतं कसं, हे कोडं मला पुढं कितीतरी वर्षं सुटलं नाही. वाटीत तुरीच्या डाळीत शिजवलेली घोळाची भाजी होती. घोळ म्हणजे शेताच्या बांधावर आपोआप फुटणारी, जाड पानांची, जराशी आंबूस भाजी. जळगावला आमच्या घरी ती कधी आली नव्हती. मी उभ्या उभ्याच वाटी संपवली. अक्का वाटीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती. "शिकाडसू तुले," ती म्हणाली आणि गेली.

मी शिकले मात्र काही नाही, हे आधीच सांगून टाकते. मी गणिताची शिक्षिका, एकटीचा संसार, आणि स्वयंपाक या विषयात कायम काठावर पास. अक्कानं सुरुवातीला फार कष्ट घेतले. मग एके दिवशी माझी मेथी पाहून ती कढईवर झाकण ठेवत म्हणाली, "जाऊ दे मॅडम, तू खातच जाय." तेव्हापासून ती मला मॅडम म्हणायची आणि अरेतुरेच करायची. मीही तिला 'अक्का, तू' म्हणायचे. माझं रात्रीचं जेवण बहुतेक तिच्याकडेच व्हायचं.

अक्का चोपड्याकडची. नवरा, म्हणजे आबा, एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मुलगा नाशिकला नोकरीला. दोघंच असायची, पण अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तेलाचे कापलेले डबे, फुटकी बादली, चिरलेला रांजण, एक कानतुटकं घमेलं, जे हाती लागेल त्यात माती आणि मातीत काहीतरी हिरवं. कोथिंबीर, मेथी, पुदिना, लसणाची पात, कांद्याची पात, आंबट चुका, भिंतीशी ओव्याचं झाड, कोपऱ्यात गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता. भाजी चुलीवर चढल्याशिवाय पान तोडायचं नाही, असा तिचा कायदा. डाळ उकळायला लागली की ही पदर खोचून अंगणात, दोन मुठी पानं घेऊन आत. पानाला सुरी लावायची नाही, हातानं तोडायचं. कोथिंबिरीच्या काड्या फेकणाऱ्या बाईबद्दल तिचं मत फार वाईट होतं. मी एकदा जुडी आणून फ्रिजमध्ये ठेवली, तर म्हणाली, "फ्रिज म्हंजे दवाखाना शे. तठे गयेल भाजी घर येस, पन पहिलासारखी नही ऱ्हास."

पदार्थ तिचे साधेच. पालेभाजी आणि डाळ, पातीचा झुणका, चुक्याची आमटी, पुदिन्याचं ताक, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. पनीर हा शब्द ती 'पाव्हणा' म्हणावं तसा म्हणायची. ती दुसऱ्याचं सहसा वाखाणायची नाही, हेही सांगितलं पाहिजे. लग्नाच्या पंगतीत बसली की पान वाढून होण्याआधीच आमटीचा निकाल लावून मोकळी. एकदा तर यजमानीण बाई आग्रह करायला आली, आणि अक्का शांतपणे म्हणाली, "कोथमीर कालनी शे." आबांनी तिच्या वतीनं दोन जिलब्या जास्त खाऊन प्रकरण मिटवलं.

आता मुख्य गोष्ट. अक्का स्वयंपाक करताना कधीही काही चाखायची नाही. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला कण लागू द्यायचा नाही, हे पुष्कळ घरांत असतं. पण बाकीच्या बायका हात बसलेला असतो म्हणून अंदाजानं मीठ घालतात. अक्काचा अंदाजावर विश्वास नव्हता. तिचा सगळा कारभार वासावर. लग्न होऊन आली तेव्हा सासू स्वयंपाकघराच्या दारात बसायची आणि संशय आला तर सुनेला जीभ बाहेर काढायला लावायची. "मंग मी नाकले कामले लावं," अक्का सांगायची. डाळीच्या वाफेवर ती जरा वाकायची, डोळे मिटायची, आणि मीठ हवं की नको ते तिला कळायचं. मिठाला वास नसतो, हे मी तिला विज्ञानाच्या आधारानं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चिमूटभर मीठ घातलं. जेवायला बसल्यावर मला कुठं बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

मला चिडवायची खोडच आहे. मी म्हटलं, "अक्का, वास घेतला म्हणजे अर्धं चाखल्यासारखंच की. देवाच्या आधी तूच जेवलीस."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "वास बठ्ठास्ना ऱ्हास. तो काय मी बलायेल शे?" वास सगळ्यांचाच, आणि तो न बोलावता आला होता; मुद्दा संपला.

तिच्या नाकाची खरी ऐट बघावी ती भरिताच्या दिवशी. थंडीत आमच्या कॉलनीची माणसं एका रविवारी गावाबाहेरच्या मळ्यात भरीत करायला जायची. मोठाली हिरवट वांगी, खाली कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. पुरुषमंडळी काठ्या घेऊन वांगी उलटायची आणि प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच यातलं कळतं. अक्का दूर झाडाखाली पातीच्या जुड्या निवडत बसलेली. मध्येच मान वर न करता म्हणायची, "ते कडेनं काढा, ते व्हयनं," किंवा, "मधलं बळी ऱ्हायनं." एका वर्षी एका नव्या भाडेकरूनं, बँकेत होते ते, हा चमत्कार खोटा पाडायचं ठरवलं. अक्काची पाठ जाळाकडे करून बसवली. काही फरक पडला नाही. उलट तिनं त्यांनाच सांगितलं, "भाऊ, तुमना खिसामा तपकीर शे, जरा दूर बसा." त्यांच्या बायकोला तपकिरीचं माहीत नव्हतं. भरीत त्या दिवशी फार रंगलं.

भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि वांगी लाकडी काठवटीत एकत्र कुटून झाली, की सगळ्यात शेवटी अक्का उठायची आणि पात आणि कोथिंबीर हातानं तोडून वर टाकायची. मग वाफेवर वाकायची. चाळीसेक माणसं पत्रावळी घेऊन ताटकळत उभी, आणि ही डोळे मिटून. तिनं मान हलवली की पंगत बसायची. आम्ही हसायचो, पण तिनं मान हलवल्याशिवाय कुणी बसायचं नाही.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा आमच्या गल्लीत घराघरांत माणसं पडली. आबा आणि अक्का दोघांनाही ताप आला. मुलाला येता येईना. मी माझा पचपचीत स्वयंपाक दाराशी ठेवून यायचे, आणि अक्का काहीही न बोलता तो खायची. यावरूनच मी ओळखायला हवं होतं. दोघं बरी झाली. देवाची कृपा, असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हटलं. अक्कानं पुन्हा गॅस पेटवला.

पण भिंतीपलीकडून आवाज येईनासा झाला. माझा लसूण जळाला तरी कुणी ओरडेना. मला वाटलं, आजारपणाचा थकवा असेल. तिच्याकडे जेवायला गेले की एखाद्या दिवशी डाळ अळणी, एखाद्या दिवशी मिठाचा खडा. आबा मान खाली घालून जेवायचे आणि शेवटी "झक्कास" म्हणायचे. पूर्वी त्यांनी तिच्या स्वयंपाकाला कधी झक्कास म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याची गरजच नव्हती. अंगणातली कोथिंबीर मात्र फुलावर आली होती, मेथी पिवळी पडली होती आणि कुणी ती उपटून नवी पेरत नव्हतं.

एका सकाळी सुट्टी होती म्हणून मी पेपर तपासत बसले होते. जळका वास आला. आधी माझा गॅस पाहिला, तो बंद. वास भिंतीपलीकडून येत होता. अक्काच्या घरातून जळल्याचा वास, हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. मी धावत गेले. डाळ तळाला लागून धूर निघत होता आणि अक्का गॅसपासून हातभर अंतरावर, पाठ करून, मेथी निवडत बसली होती. मी गॅस बंद केला. तिनं वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहू नये.

"माले वास येत नही," ती म्हणाली. "ताप उतरना तवयपासून. काहीच नही."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिनं मेथीचं एक पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि मला दाखवल्यासारखं खाली टाकलं. "पानी हुंगो का मेथी हुंगो, बठ्ठं सारखंच. आबाले सांगू नको. त्यासले असं वाटी का मी आते काय कामनी."

मी म्हटलं, "अक्का, थोडं चाखून बघत जा ना. देव काही रागावत नाही."

"देवले उष्टं देऊ का मी?" ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. मी उठून जळकं पातेलं घासायला घेतलं.

आबांना सांगायची वेळच आली नाही. त्याच संध्याकाळी फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं. "मॅडम, तिनं नाक गयं ते माले पहिला दिनपासून समजेल शे. तिले सांगू नका. तिले वाटस, माले कळत नही." मी विचारलं, मग रोज ते खाता कसं? आबा म्हणाले, "मी इतला वरीस धाबावर जेवना. अळणीनी मरत नही मानूस." म्हणजे दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि मध्ये मी. गणितात असं काही आलं की दोन्ही बाजूंनी उडवून टाकता येतं. मी दुसऱ्या दिवशी जेवताना सरळ म्हणाले, "आबा, आज डाळ अळणी आहे." आबा ठसकले. अक्कानं माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावला. रडली ती, पण नंतर बरीच हलकी वाटली.

आबा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, औषध असं नाही, रोज ओळखीचे वास घेत राहा, कदाचित येईल. मग आबांनी अंगणाचा ताबा घेतला. ज्या माणसानं आयुष्यात स्टिअरिंगशिवाय काही हातात धरलं नव्हतं, तो उकिडवा बसून कोथिंबीर पेरायला लागला. सकाळी चहाआधी पुदिना, ओवा, गोडलिंब, लसणाची पात अशी पानं तळहातावर चुरगाळून तिच्या नाकापुढं धरायचा. "आला?" ती मान हलवायची, नाही. पुढचं पान. "आला?" नाही. मी माझ्या ओट्यावरून बघायचे. पावसाळा गेला, थंडी आली. एकदा ओव्याच्या पानाला ती थबकली आणि आम्ही दोघांनी श्वास रोखला. मग तिनं नाही म्हटलं. त्या वर्षी ती भरिताला आली नाही. आम्हीही लवकर उरकून परतलो, त्याला काही चव नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे ती स्वयंपाकाला कंटाळली. बाहेरून डबा लावू या, असं तीच आबांना म्हणाली. अक्काच्या घरात डबा येणार, या कल्पनेनं मला जेवण गेलं नाही. ती जिवंत असून तिच्यातलं कुणीतरी निघून चाललं होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

डबा आला नाही. एका दुपारी मी गेले तर अक्का छोटी वाटी घेऊन गॅसपाशी उभी होती. चुक्याची आमटी अजून रटरटत होती, वर पानंही पडली नव्हती. तिनं अर्धी पळी आमटी वाटीत घेतली, तुळशीचं पान ठेवलं, देवासमोर नेऊन पाणी फिरवलं, हात जोडले. मग तीच वाटी उचलून तोंडाला लावली. तोंड वाकडं केलं, परत आली आणि मीठ घातलं. पुन्हा वाटी भरली, पुन्हा देवाकडे.

मी दारातच उभी राहिले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिले त्याले देसू. त्यानी खाई लिधं का तो परसाद व्हयना. परसाद चाखाले कोन ना म्हनस?"

"आणि अळणी असली तर?"

"अळणी व्हती. काही बोलना नही तो. आबासारखाच शे."

देवाला त्या दिवशी एकच आमटी तीनदा जेवावी लागली. आबा आतल्या खोलीत हसत होते, आणि मीही इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ही युक्ती तिला कुणी सांगितली नव्हती. सासूच्या कायद्याला हात न लावता तिनं वाट काढली होती.

मिठाचा, आंबटाचा, तिखटाचा प्रश्न असा सुटला. पानांचा नाही सुटला. जिभेला कोथिंबीर कळत नाही, ती नाकालाच कळते. त्यासाठी अक्कानं मला धरलं. स्वयंपाक झाला की भिंतीवर थाप पडायची. मी गेले की ती झाकण काढायची. "सांग, काय काय येस?" मी सांगायचे, मेथी येते, लसूण येतो, कोथिंबीर मागं पडली. ती डोळे मिटून ऐकायची, जशी पूर्वी वाफेवर वाकायची तशी. मी विचारलं, आबा का नाहीत? म्हणाली, "ते खोटं सांगतस. तुले गोड बोलता येत नही, म्हनीसन तुले इचारस." इतक्या वर्षांत माझ्या फटकळपणाचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं.

अंगणातले डबे पुन्हा हिरवे झाले. वास मात्र तिला शेवटपर्यंत परत आला नाही. गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. तोवर मी धुळं सोडून जळगावला आले होते, आबांनी तिथं फोन करून सांगितलं. मला तिची फार आठवण येते. तिच्या हातच्या डाळीची येते, हे तर झालंच. पण झाकण काढून माझ्याकडे बघत राहणाऱ्या त्या डोळ्यांची जास्त येते.

मी तिला शेवटचं पाहिलं ते धुळं सोडताना. निवृत्त होऊन मी भावाजवळ जळगावला राहायला निघाले होते. सामानाचा टेम्पो सकाळीच गेला होता. स्टँडवर जायला रिक्षा दारात उभी, आबा बॅग ठेवत होते, आणि अक्का डबा घेऊन बाहेर आली. मुगाची सुकी डाळ आणि भाकरी. डबा माझ्या हातात न देता तिनं झाकण काढलं आणि माझ्या नाकापुढं धरला.

"सांग."

मी वास घ्यायचा प्रयत्न केला. सकाळपासून रडून रडून नाक पार चोंदलं होतं. मला काहीही येत नव्हतं. मी म्हटलं, "छान आहे अक्का. सगळं आहे."

अक्कानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू रडी ऱ्हायनी. तुना नाकना आज काय भरोसा." आणि ती सरळ रिक्षाच्या पुढच्या बाजूला गेली. रिक्षावाला पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर जाळीची टोपी, कुणाचा कोण. तिनं डबा त्याच्यापुढं धरला. "भाऊ, तू सांग. खरं सांगजो."

तो गोंधळला. आबांनी त्याला मान हलवून खूण केली. त्यानं हँडल सोडलं, डब्यावर वाकला, आणि मन लावून वास घेतला.

"लसन की पात थोडी कम लगती है, अक्का," तो म्हणाला. "बाकी ठीक है."

"दख," अक्का मला म्हणाली, आणि डबा घेऊन अंगणात वळली. "थांब जरा." ती तेलाच्या डब्यापाशी वाकली आणि एकेक पात बोटांनी चाचपून खुडायला लागली. मला बसची वेळ सांगायची होती, पण सांगितली नाही. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.